लॉन्समधली पीलबाग

माझे थोरले दीर फार चांगले आहेत, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्यांना बरंच काही बोलणार आहे. घरात लहानथोर सगळे त्यांना नाना म्हणतात. शेतकऱ्यांच्या केळीच्या गाड्या भरून देण्याचं त्यांचं काम. रावेरपासून फैजपूरपर्यंत कुणाच्या बागेत कसा माल उभा आहे, हे त्यांना तोंडपाठ असतं. माणूस दिलदार, बोलका, पाहुण्याला जेवल्याशिवाय न सोडणारा. फक्त अधूनमधून त्यांच्या डोक्यात एखादी कल्पना येते, आणि आली की घरदार तिच्यामागे धावतं. एका वर्षी त्यांनी इमू पक्षी आणले होते. ते पक्षी अक्काच्या, म्हणजे माझ्या थोरल्या जावेच्या, मंगळसूत्रावर चोच मारायचे आणि नाना लांबून ओरडायचे, "भिऊ नको वं, लाडात आला तो!"

मागच्या वर्षी पुतणीचं लग्न ठरलं आणि नानांना लॉन्सची कल्पना आली.

लॉन्स म्हणजे काय, हे आमच्याकडे आता लहान पोरालाही सांगावं लागत नाही. रस्त्याच्या कडेला पसरलेली हिरवळ, एका टोकाला स्टेज, मागे स्वयंपाकाची शेड आणि पुढे भलंमोठं गेट. गेटवर कुठलातरी प्राणी पाहिजेच. कुणाचे सिंह, कुणाचे मोर. जळगावकडून भुसावळकडे निघालं की डाव्या-उजव्या हाताला अख्खं जंगल दिसतं. लग्नसराईत तिथे तारीख मिळत नाही. पुतणीच्या लग्नालाही मिळत नव्हती. चार ठिकाणी नकार ऐकून नाना घरी आले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "आपलंच लॉन्स टाकू. पयलं लगीन आपल्या पोरीचं, मंग गावाची लग्नं. केयीचं काय, आज भाव आहे, उद्या नाही. लग्नं तं लोकं करनारच!"

लॉन्स टाकायचं कुठे, तर रस्त्याला लागून असलेल्या आमच्या केळीच्या मळ्यात. माझ्या मळ्यात. मी 'माझ्या' म्हणते, पण सातबाऱ्यावर दोघा भावांची नावं आहेत. माझं नाव घरातल्या गॅसच्या पुस्तकावर आहे, एवढंच.

मी मूळची दोंडाईचाची. आमच्याकडे मिरची. बाजारात मिरचीचे ढीग आणि गावभर शिंका, त्यात मी वाढले. लग्न होऊन सावद्याकडे आले तेव्हा केळ म्हणजे सालं काढून खायचं फळ, यापलीकडे मला काही ठाऊक नव्हतं. आमच्या ह्यांची नोकरी दीपनगरच्या वीज केंद्रात, पाळीपाळीची. आज दिवसा, उद्या रात्री. शेताकडे बघायला त्यांना सवड नव्हती आणि खरं सांगायचं तर आवडही नव्हती. नाना गाड्या भरायच्या नादात गावोगाव हिंडायचे. मग मळ्यात जायला उरलं कोण? धाकली. आधी मजुरांना चहा पोचवायला गेले, मग त्यांच्यावर लक्ष ठेवायला गेले, आणि दोन-तीन हंगामांत असं झालं की माझ्याशिवाय तिथलं पान हलेना. ठिबकच्या नळ्या मी जोडते. खत मी सोडते. वारा सुटला की घडांना टेकू मी लावून घेते. माझ्या निम्म्या लुगड्यांना केळीच्या चिकाचे डाग आहेत, ते जन्मात निघायचे नाहीत, आणि मला त्याचं काही वाटत नाही. मळ्यात गेलं की माझा राग उतरतो. माझा राग किती मोठा आहे हे ज्यांना माहीत आहे, त्यांना मळ्याची किंमत कळेल.

आणि हे सगळं मला शिकवलं कुणी? नानांनीच. केळीचा घड कापला की ते झाड संपतं, पण जमिनीखालचा कंद जिवंत राहतो. त्याच्या बुडातून नवे कोंब फुटतात. दुसरीकडे त्यांना मुनवे म्हणतात, आमच्याकडे पिलं. एकेका झाडाला पाच-सहा पिलं येतात. ती सगळी ठेवली तर कुणाचंच पोट भरत नाही, म्हणून एक निवडून ठेवायचं आणि बाकीची विळ्यानं उडवायची. ठेवलेल्या पिलांची पुन्हा बाग उभी राहते, तिला पीलबाग म्हणतात. कुठलं पील ठेवायचं, यात सगळी गोम असते. मी नवी नवरी, हातात विळा धरून उभी, आणि नाना समोर उकिडवे बसून सांगताहेत, "रुंद पानाचं दिसाले चांगलं, पन ते आळशी. हे पाह्य, तलवारीसारखं, अरुंद पानाचं. हे ठेवायचं. अन् सगयी एकाच बाजूची ठेवायची, म्हंजे रांग मोडत नाही." त्यांच्यासारखी नजर मला अजून आलेली नाही. चालता चालता, बोलता बोलता त्यांचा विळा नको ते उडवतो आणि हवं तेवढं बरोबर मागे राहतं.

तर अशा माणसानं माझा मळा मोडायला काढला. मी तापले. रागावले की माझी माहेरची अहिराणी आपोआप बाहेर पडते. भर ओसरीत मी म्हटलं, "नाना, तुमनं डोकं ठिकानवर शे का? बठ्ठा मळा मोडीसन आठे आते घोडा नाचाडशात का?" सगळा मळा मोडून इथे आता घोडा नाचवणार का, म्हणून.

नानांना माझी अहिराणी ऐकायला फार आवडते. ते हसत सुटले. "नाचाडू ना! नवरदेवाचा घोडा नाही नाचनार तं काय इमू नाचनार?"

हसण्यावारी नेलं की माझा राग दुप्पट होतो. मी ह्यांच्याकडे वळले. हे रात्रपाळी करून आलेले, डोळे अर्धे मिटलेले. म्हणाले, "नाना म्हणतील तसं." माझ्या नवऱ्यानं लग्नानंतर जितक्या वेळा हे वाक्य म्हटलं असेल, तितक्या वेळा मला हाकसुद्धा मारली नसेल.

मी कायद्याचा आधार शोधला. कायद्याचं आणि माझं कधी फारसं जमलेलं नाही. मळ्यात साधी खोली बांधायची म्हटली तरी दहा जण दहा नियम सांगतात, तेव्हा मीही सरकारच्या नावानं बोटं मोडली आहेत. पण इतकं मला माहीत होतं की गावाच्या आराखड्यात आमचा मळा हिरव्या रंगात आहे. रस्त्याच्या पलीकडचं सगळं पिवळं, म्हणजे राहण्यासाठी. तिथे प्लॉट पडले, बंगले झाले. अलीकडचा आमचा पट्टा हिरवा, म्हणजे शेतीसाठी. इथे शेतीशिवाय दुसरं काही करायचं नाही. मी नानांना हे ठणकावून सांगितलं.

नानांनी क्षणभर विचार केला. "हिरवं पाह्यजे ना सरकारले? मंग लॉन काय निळं असते?"

आता अशा माणसाशी भांडायचं तरी कसं!

गणपती बसायच्या आधी शेवटचा घड कापला गेला आणि लगेच यंत्र आलं. उभी झाडं आडवी झाली, त्यांचा चुरा मातीत गेला. हिरवळीचं काम घेतलेला ठेकेदार बाहेरगावचा होता, पांढरी टोपी घालून फिरणारा. मी त्याला बांधावरूनच विचारलं, "कंद काढणार का?" तो म्हणाला, "ताई, त्याला वेळ कुठे आहे? वरून चांगली माती टाकतो, शेणखत टाकतो, त्यावर हिरवळीचे तुकडे अंथरतो. खालचं खाली दबून जाईल." मी नानांना म्हटलं, "कंद दबत नसतो, हे तुम्हीच मला शिकवलं." नाना तेव्हा फोनवर गेटवरच्या हत्तींचं ठरवत होते. त्यांनी हातानंच 'होईल होईल' अशी खूण केली.

कंद काढले नाहीत. ठिबकच्या नळ्या गुंडाळून शेडमध्ये टाकल्या आणि पाण्याचे फवारे बसवले. गेट उभं राहिलं आणि दोन पांढरे हत्ती आले, सोंडा वर केलेले, आतून पोकळ. मधल्या कमानीवर माझ्या आजेसासऱ्यांचं नाव आणि पुढे 'लॉन्स'. त्या आजेसासऱ्यांनी जन्मभर धोतराचा सोगा वर खोचून केळीला पाणी भरलं, आणि आता ते दोन हत्तींच्या मध्ये अडकले. पुतणीच्या लग्नाच्या पत्रिकाही छापून आल्या. विवाहस्थळ म्हणून लॉन्सचंच नाव, सोनेरी अक्षरांत.

मी मळ्याकडे जाणं सोडलं. बाजाराला जायचं तरी मागच्या रस्त्यानं जायची. घरात बसून मी इतकी साफसफाई केली की अक्का म्हणाली, "आता भिंती तरी राहू दे." हसण्यासारखंच होतं, पण मला हसू येत नव्हतं. सकाळी उठलं की पाय आपोआप चपलेत जायचे आणि मग आठवायचं की कुठे जायचंय? जायला जागाच नाही. माझं नाव कुठेच नव्हतं, तेव्हा मी कुणाशी आणि कशाच्या जोरावर भांडणार होते? मला मळा परत हवा होता. दुसरं काही नको होतं.

दसऱ्याच्या सकाळी तोरणाला आंब्याची पानं हवी होती. आंबा एकच, मळ्याच्या बांधावर. पोरी हळदीच्या साड्या ठरवण्यात गुंतलेल्या, म्हणून नाइलाजानं मीच गेले. गेटातून जायचं नाही असं ठरवलं होतं, मागच्या बाजूनं शिरले. बघते तर हिरवळीच्या मधोमध नाना उकिडवे बसलेले, हातात विळा. मला पाहून चोरासारखे दचकले.

"काय करताय?" मी विचारलं.

"काही नाही. गवत सारखं करू ऱ्हायलो."

मी जवळ गेले. गवताला काय विळा लागतो? नानांच्या पायाशी केळीची कापलेली पिलं पडली होती, पांढरी, रसरशीत. मग मी मान वर करून लांबवर बघितलं, आणि बघतच राहिले. मातीवर माती टाकली, त्यावर शेणखत घातलं, त्यावर हिरवळ अंथरली आणि सकाळ-संध्याकाळ पाण्याचे फवारे सोडले! माझ्या केळीचे असे लाड मी स्वतःसुद्धा कधी पुरवले नव्हते. हिरवळीला ठिकठिकाणी फुगे आले होते आणि प्रत्येक फुगा फोडून पील वर आलं होतं.

"रोज उठून कापतो," नाना रडवेल्या आवाजात म्हणाले. "ठेकेदार म्हने, कापत ऱ्हा, थकून जातीन. पंधरा दिवस झाले. ते काही थकत नाही, मीच थकलो."

मी अजून बघतच होते. काहीतरी चुकत होतं, किंवा काहीतरी फारच बरोबर होतं. मी ओळीनं चालत गेले. पहिल्या जागेवर चार बुंधे कापलेले, एक पील उभं. दुसऱ्या जागेवर तीन कापलेले, एक उभं. तिसऱ्या जागेवर तेच. उभं असलेलं प्रत्येक पील अरुंद पानाचं, तलवारीसारखं, आणि सगळी एकाच बाजूला, उगवतीकडे. या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी लावल्यासारखी सरळ रांग.

"नाना," मी म्हटलं, "हे एक-एक ठेवलं कशाला?"

"कोनतं?"

"हे. आणि ते. आणि ते पलीकडचं."

नाना उठले. गुडघ्यावर हात टेकून त्यांनी आधी जवळचं पाहिलं, मग लांबचं. तोंड उघडं पडलं. मी शपथेवर सांगते, त्या माणसाला तोपर्यंत कळलंच नव्हतं. पंधरा दिवस रोज पहाटे तो लॉन वाचवायला यायचा आणि रोज नको ती पिलं उडवून हवं ते जपून ठेवायचा. डोकं लॉन्स करत होतं आणि हात पीलबाग उभी करत होता.

"अरे बापा," नाना म्हणाले.

मला हसू फुटलं. दोन महिन्यांचं साठलेलं हसू होतं ते, थांबेचना. मी हिरवळीवर बसले, हिरवळ चांगली मऊ होती, आणि पोट धरून हसले. नाना आधी कावरेबावरे झाले, मग तेही खाली बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. जेठासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, असं पाय पसरून बसायची आमच्यात रीत नाही, पण त्या सकाळी रीत कुणाला आठवणार!

"उद्या ठेवलेलीबी काढून टाकतो," नाना डोळे पुसत म्हणाले.

"काढा," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम पहाटे गेले. नाना एका पिलासमोर उभे होते. विळा त्यांनी आंब्याला अडकवून ठेवला होता. "जोमदार आहे वं," एवढंच म्हणाले. मी शेडमधल्या ठिबकच्या नळ्या बाहेर काढून उन्हात पसरल्या. त्यांनी तेही पाहिलं. पांढऱ्या टोपीचा ठेकेदार आला, कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "नाना, तुम्हाला लॉन करायचंय की बाग? एकदा ठरवा आणि मला फोन करा." नानांनी फोन केला नाही. त्यांनी तो असाही केला नाही आणि तसाही केला नाही, हीच खरी अडचण होती. गेट तसंच, हत्ती तसेच, स्टेज तसंच आणि मध्ये गुडघाभर केळी.

दिवाळी झाल्यावर तहसीलची नोटीस आली. शेतजमिनीचा विनापरवाना बिनशेती वापर केल्याचं दिसतं, खुलासा करावा, स्थळपाहणी होईल, जमीन पूर्ववत करावी, नाहीतर दंड आणि पुढची कारवाई. अक्कानं ती दोनदा वाचली आणि घरातल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तक्रार मीच केली असणार, असं प्रत्येकाच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. मी केली नव्हती. करायला हवी होती, असं मात्र त्या क्षणी वाटून गेलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात नाना म्हणाले, "तिनं नाही केली. केली असती तं आधी माह्या तोंडावर सांगितली असती." इतकी वर्षं त्या घरात राहून माझी एवढी मोठी तारीफ कुणी केली नव्हती. नोटीस मी देवघरात ठेवली. हळदीकुंकू वाहायचं बाकी राहिलं, एवढंच.

नानांची मात्र झोप उडाली. पत्रिका वाटून झालेल्या. पाहुणे कोण कुठून निघायचे. लग्नाच्या दिवशी कुणी येऊन मांडव काढायला लावला तर? व्याह्यांना काय तोंड दाखवायचं? ते रोज तहसीलला जायचे आणि रोज कळायचं की पाहणीला येणार आहेत, कधी ते सांगता येत नाही.

आले ते बरोब्बर हळदीच्या दिवशी. मार्गशीर्षातली थंडी, दुपारचं ऊन अंगाला गोड लागत होतं. मांडव आम्ही स्टेजजवळच्या मोकळ्या कोपऱ्यात घातला होता, कारण बाकी सगळीकडे केळी कमरेला लागत होत्या. एका बाजूला बट्ट्या तळल्या जात होत्या, वरणाला फोडणी बसली होती, वांग्याची भाजी रटरटत होती. पोरं हत्तींवर बसायला भांडत होती. पुतणी पिवळी झालेली, मी तिच्या हातांना हळद लावत होते. आणि स्कूटीवरून एक तरुण मुलगी आली, गळ्यात ओळखपत्र, मागे कोतवाल. आमच्या तलाठी मॅडम.

नाना पुढे धावले. एका हातात पाण्याचा पेला आणि दुसऱ्या हातात बट्टी, काय द्यावं ते सुचेना. मॅडमनी पाणी घेतलं. नानांनी हात जोडून विचारलं, "मॅडम, तक्रार कोनी केली, तेवढं सांगा."

"तक्रार कसली, नाना? दोन हत्ती रस्त्यावर उभे केलेत तुम्ही. मी रोज इथूनच जाते."

सगळा मांडव हसला. माझ्या तोंडून निघून गेलं, "माय वं! हत्ती दपाडता येतस का कोठे!" हत्ती कुठे लपवता येतात का, म्हणून. मॅडमनी झटकन माझ्याकडे पाहिलं. "मावशी, तुम्हनं माहेर कोनतं?"

"दोंडाईचं."

"मी शिंदखेडानी शे!" त्या अशा हसल्या की सरकारी चेहरा कुठल्या कुठे गेला. पण लगेच त्यांनी तो परत लावला आणि पाहणीला निघाल्या. आम्ही सगळे मागे. नवरी मांडवात हळदीच्या हातांनी एकटीच बसून राहिली, थोड्या वेळानं तीही उठून मागे आली.

मॅडम रांगेरांगेतून चालल्या. फोटो काढले. मग थांबल्या. "ह्या केळी कुणी लावल्या?"

"कोनीच नाही," नाना म्हणाले. "त्या आपोआप आल्या."

"आणि हे गवत?"

"ते लावलं."

मॅडमनी कपाळाला हात लावला. "शेतात गवत लावलं आणि केळी आपोआप उगवल्या. असं मी पंचनाम्यात कसं लिहू?"

मग त्यांनी नानांना बाजूला न घेता, सगळ्यांसमोरच नीट समजावून सांगितलं. घरच्या पोरीचं लग्न घरच्या वावरात मांडव घालून केलं, त्याला कोण अडवतं? आपल्याकडे पूर्वीपासून करतात. उद्याचं लग्न खुशाल होऊ द्या. पण गेट, बोर्ड, पक्कं स्टेज, लोकांची लग्नं घेणं, हा धंदा झाला. शेतीच्या जमिनीत तो परवानगीशिवाय चालत नाही आणि या पट्ट्यात परवानगी मिळणारही नाही. "ही काळी जमीन एकदा गेली की परत येत नाही, नाना. तुमची परत आली, तुमचं नशीब. मी जे दिसतं तेच लिहिणार. पण तुम्हीच सांगा, हे काय आहे? लॉन्स की बाग?"

वाजंत्रीवाले तेवढ्यात चहाला थांबले होते. बट्ट्यांची कढई तेवढी चरचरत होती. पत्रिकेवरची सोनेरी अक्षरं, हत्ती, गावासमोर मिरवायची हौस, सगळं नानांच्या चेहऱ्यावरून सरकताना मला दिसत होतं. त्यांनी 'लॉन्स' म्हटलं असतं तर पुढे तारखा, वकील, वशिले, वर्षानुवर्षं घोंगडं भिजत पडलं असतं, आणि तेवढ्यात माझा मळा संपला असता. नानांनी वाकून जवळच्या केळीचं वाळकं पान मोडलं, हातात चुरगाळलं.

"बाग आहे," ते म्हणाले. "बागच आहे, मॅडम. गेट मी लगीन झाल्यावर काढून टाकतो." आणि त्यांनी ते खरंच काढलं. दंड झाला तोही मुकाट्यानं भरला. हत्ती एका लॉन्सवाल्यानं नेले, पिवळ्या पट्ट्यातल्या.

मॅडमनी लिहायला घेतलं. "पीक केळी. पीलबाग. बरं, कसतं कोण? तुम्ही?"

"मी कुठी?" नाना म्हणाले. "मी गाड्या भरतो. माह्या भावाची नोकरी आहे. आम्ही दोघं नुसते कागदावर. वावर ही कसते." आणि त्यांनी सगळ्या भावकीदेखत, व्याह्यांकडून हळद घेऊन आलेल्या पाहुण्यांदेखत माझ्याकडे बोट केलं. "लग्न होऊन आली तवापासून हीच कसते. मी मोडलं, तं जमिनीनं हिचंच ऐकलं."

माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. मला कुणासमोर रडायला आवडत नाही, पण त्या दिवशी मी लपवलं नाही.

"नाव सांगा," मॅडम म्हणाल्या.

नानांनी तोंड उघडलं आणि मिटलं. भावजयीचं नाव जेठानं घ्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. ते माझ्या नवऱ्याकडे बघू लागले. हे आपल्या बुटांकडे बघू लागले. बायकोचं नाव ह्यांनीही चारचौघांत कधी घेतलेलं नव्हतं. बायका एकमेकींकडे पाहून पदराआड हसायला लागल्या. कुणी म्हणालं, धाकली काकू लिहा, कुणी म्हणालं, दोंडाईचावाली लिहा.

मी पुढे झाले, हळदीचे हात पदराला पुसले आणि माझं नाव सांगितलं. नेमकी तेव्हाच वाजंत्री पुन्हा सुरू झाली.

"ऐकू नाही आलं, मावशी," मॅडम म्हणाल्या. "जरा मोठ्यानं सांगा."

मग मी ओरडून सांगितलं.